'अपडेट बंद करा' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

ग्रॅन टुरिस्मो 7 हा प्लेस्टेशनवरचा गाड्यांच्या शर्यतींचा गेम खेळणाऱ्यांमध्ये सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. माझ्या भाच्याने तो वाचून कन्सोलवरचं ऑटो-अपडेट बंद केलं आणि वर मलाच ऐकवलं, "मामा, आता गेम माझा, कंपनीचा नाही." कसला त्याचा! मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: पॉलीफोनी डिजिटल हा स्टुडिओ प्रत्येक अपडेटमध्ये जुन्या गाड्या गुपचूप मंद करतो, नव्या गाड्या खऱ्या पैशांना विकतो आणि शर्यतींची बक्षिसं कापतो. त्यावर उपाय दिलाय की अपडेट बंद करा, डिस्क जपून ठेवा, गेम कायमचा तुमचा. शेवटी एक लिंक: अकाउंट द्या, क्रेडिट (गाड्या घ्यायला लागणारे गेममधले पैसे) भरून देतो.

आधी तो उपायच घेऊ, कारण खरं नुकसान त्यानेच होतंय.

या गेममधली तुमची प्रगती सर्व्हरवर साठते. का, ते स्टुडिओचे प्रमुख काझुनोरी यामाउची यांनी गेम येण्याआधीच सांगितलं होतं: सेव्ह फाइलमध्ये कुणी फेरफार करू नये म्हणून. त्यामुळे एकट्याने खेळायच्या शर्यतींनाही नेट लागतं, आणि सर्व्हरशी जोडायला चालू व्हर्जन लागतं. अपडेट नाकारलं की गेम तुमच्या मालकीचा होत नाही. उलट तुम्ही जमवलेलं गॅरेज आणि अर्धवट राहिलेल्या चॅम्पियनशिप कुलपात जातात आणि हातात दोन-चार किरकोळ मोड उरतात. डिस्क असली तरी तेच. 17 मार्च 2022 ला 1.07 अपडेटच्या वेळी सर्व्हर बंद पडले, ते 30 तासांहून जास्त वेळ. डिस्क घेतलेले आणि डाउनलोड केलेले, सगळे सारखेच दाराबाहेर.

'हाच तर आमचा मुद्दा', असं मेसेजवाला म्हणेल. नेटशिवाय न चालणारा एकट्याचा खेळ ही तक्रार रास्तच आहे, मीही ती करतो. पण मग त्यावर इलाज कशाने झाला ते बघा. याच स्टुडिओच्या ग्रॅन टुरिस्मो स्पोर्टची ऑनलाइन सेवा 31 जानेवारी 2024 ला संपली. तरी त्याचं कॅम्पेन, म्हणजे एकट्याने खेळायचा भाग, आजही नेटशिवाय खेळता येतं, ते केवळ स्टुडिओने शेवटी दिलेल्या अपडेटमुळे. ज्याने अपडेट बंद ठेवलं, त्याला ते मिळणार कसं? उलट उदाहरण युबीसॉफ्टच्या द क्रूचं. 2014 चा गेम, सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद, आणि असं कुठलंही अपडेट आलं नाही. ज्यांनी पैसे मोजून डिस्क घेतली त्यांच्याकडे आज नुसती चकती आहे. त्या संतापातूनच 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि युरोपीय संघाकडच्या नागरिक याचिकेवर 10 लाखांहून जास्त सह्या झाल्या. द क्रू 2 ला 2025 मध्ये ऑफलाइन मोड मिळाला, तोही अपडेटमधूनच. स्टुडिओकडे मागायचं असेल तर असं शेवटचं अपडेट मागा, आणि गेम चालू असतानाच मागा. अपडेटच बंद करणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

आता 'जुन्या गाड्या मुद्दाम मंद करतात' हा दावा. गाड्यांचं वागणं बदलतं, हे खरं. पण गुपचूप काहीच नसतं. प्रत्येक अपडेटसोबत बदलांची यादी प्रसिद्ध होते. जुलै 2024 च्या 1.49 मध्ये सस्पेन्शन आणि टायरचं फिजिक्स बदललं, आणि काही गाड्या ट्रॅकवर चेंडूसारख्या उसळू लागल्या. जगभर त्याचे व्हिडिओ फिरले आणि काही दिवसांतच दुरुस्ती आली. ही स्टुडिओची चूक होती, तीही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. यात कट कुठे आला? शिवाय ऑनलाइनच्या बऱ्याच रोजच्या शर्यतींत 'बॅलन्स ऑफ परफॉर्मन्स' लागू असतो. गाडीची ताकद आणि वजन स्टुडिओ ठरवतो, तुमचं ट्यूनिंग तिथे चालत नाही, आणि एकाच मॉडेलच्या दोन गाड्या अगदी सारख्या धावतात. काही शर्यतींत तर गाडी गेमच वापरायला देतो. तिथे पैसे ओतून वेग विकत घेता येत नाही. ज्याने हा मुद्दा लिहिला त्याने ती शर्यत एकदा तरी लावली असेल का, याचीच मला शंका आहे.

बक्षिसं कापली, हे मात्र मान्य करावं लागतं. त्याच 1.07 मध्ये लोक क्रेडिटसाठी ज्या पुन्हा पुन्हा खेळत (म्हणजे ग्राइंड करत) होते त्या फिशरमन्स रँचसारख्या शर्यतींचं बक्षीस घटलं, आणि क्रेडिट खऱ्या पैशांत विकायला होतेच. दुसऱ्याच दिवशी, 18 मार्चला, यामाउची यांनी निवेदन काढलं: पैसे न भरताही भरपूर गाड्या मिळाव्यात ही इच्छा, पण गाड्यांच्या किमती खऱ्या जगातल्या किमतींशी जोडलेल्या असाव्यात. ते वाचून लोक आणखी भडकले, आणि बरोबरच भडकले. पण मेसेज तिथेच थांबतो. पुढे काय झालं? आठवड्याभरात माफी आणि खेळाडूंना 10 लाख क्रेडिट मोफत. एप्रिलमध्ये 1.11 अपडेट: वर्ल्ड सर्किट्स या गेममधल्या शर्यतींच्या विभागाच्या उत्तरार्धातल्या शर्यतींची बक्षिसं सरासरीने जवळपास दुप्पट, आणि कमावलेले क्रेडिट साठवण्याची मर्यादा 2 कोटींवरून 10 कोटींवर. ज्यांनी तेव्हा गप्प बसून अपडेट बंद केलं असतं, त्यांच्यामुळे हे झालं नसतं. आरडाओरडा करणाऱ्यांमुळे झालं.

नव्या गाड्यांबद्दल फार लिहायची गरज नाही. अपडेटमधून येणाऱ्या गाड्या डाउनलोडला फुकट असतात आणि शर्यतींत कमावलेल्या क्रेडिटवर घेता येतात. सुरुवातीच्या 400 हून जास्त गाड्या आता 500 च्या पुढे गेल्या त्या अशाच. डिसेंबर 2025 चा पॉवर पॅक हा गेमचा जादा भाग पैसे देऊन घ्यायचा आहे, पण तो वेगळा विकला जातो, कुणावर लादलेला नाही.

राहिली ती लिंक. क्रेडिटचा हिशेब सर्व्हरवर असतो, त्यामुळे कुठलीही फाइल टाकून तो वाढत नाही. 'क्रेडिट भरून देतो' म्हणणाऱ्याला तुमच्या अकाउंटमध्ये शिरायचं असतं, दुसरं काही नाही. तिथे साठवलेलं कार्ड असेल तर तेही त्याच्या हाती लागतं. ज्यांनी माहिती भरली असेल त्यांनी आत्ताच पासवर्ड बदला, सगळ्या उपकरणांवरून साइन-आउट करा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि मग ऑटो-अपडेटही.