हृदय प्रत्यारोपणानंतरचे बालपण : एका संदेशाचा प्रतिवाद

‘हृदय बदललेले मूल चार-पाच वर्षेच जगते, त्याचे खेळणे कायमचे सुटते आणि शरीर वाढले तरी हृदय तेवढेच राहत असल्याने ते पुन्हा बदलावेच लागते,’ असा एक संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. ज्या आईवडिलांना थोड्या दिवसांत होकार वा नकार द्यायचा असतो, त्यांच्याही हाती तो पडतो, याची मला फार काळजी वाटते.

डिसेंबर १९६७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ज्या तान्ह्या बाळावर, मुलांमधील अशी पहिली शस्त्रक्रिया झाली, ते काही तासच जगले. परंतु १९८० च्या दशकात, शरीराने नवे हृदय नाकारू नये म्हणून दिले जाणारे सायक्लोस्पोरिन हे औषध आल्यानंतर चित्र पालटले. आज तान्हेपणी प्रत्यारोपण झालेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुले वीस वर्षांपलीकडे जगतात. किशोरवयात झालेल्यांच्या बाबतीत हा काळ कमी, तरीही एका तपाहून अधिक आहे.

हृदय वाढत नाही, हे तर साफ चूक आहे. ते मुलाबरोबर वाढते. पुन्हा प्रत्यारोपण लागते ते बहुधा हृदयाच्या धमन्या हळूहळू अरुंद झाल्यामुळे.

खेळाविषयीच्या विधानामागे मात्र एक अर्धसत्य आहे. शस्त्रक्रियेत हृदयाच्या नसा तुटतात, त्यामुळे स्वस्थ बसलेल्या मुलाची नाडीही जलद चालते. उलट ते धावू लागले की ठोके लगेच वाढत नाहीत, रक्तातून ॲड्रिनलिन पोहोचल्यावरच वाढतात, आणि थांबल्यावरही ते बराच वेळ उतरत नाहीत. म्हणून आधी अंग गरम करावे, शेवटी वेग हळूहळू कमी करावा आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने खेळावे. शाळेतही बहुतेक मुले काही महिन्यांत परततात.

खरे ओझे ज्या गोष्टींचे असते, त्यांचा या संदेशात उल्लेखच नाही. हृदय नाकारले जाऊ नये म्हणून दिले जाणारे टॅक्रोलिमससारखे औषध साधारणपणे दर बारा तासांनी, ठरल्या वेळी घ्यावे लागते. रक्तातील औषधाची पातळी तपासण्याच्या सकाळी रक्त काढून होईपर्यंत गोळी हातात धरून थांबावे लागते. संसर्ग, मूत्रपिंडांवरील ताण आणि काही कर्करोगांचा वाढलेला धोका यांवर आयुष्यभर लक्ष ठेवावे लागते. त्यातही किशोरवय सर्वांत नाजूक, कारण बरे वाटते आहे आणि मित्रांपेक्षा वेगळे दिसायचे नाही, एवढ्यावरून मुले गोळ्या टाळतात, आणि शरीराने हृदय नाकारण्याची सुरुवात बाहेरून दिसेलच असे नाही. त्या वयात रागावण्यापेक्षा, दहा-अकराव्या वर्षापासूनच औषधांची नावे आणि वेळा मुलाच्या स्वाधीन करत जावे, आणि डबी रोज आपणही पाहावी.