दसऱ्यापर्यंत बंदुकीचं कपाट उघडू नका म्हणणाऱ्यांना

मृगाचा पाऊस लागला की परवानाधारकांच्या ग्रुपवर एक मेसेज दरवर्षी न चुकता येतो. "बंदुकीला भरपूर खोबरेल चोपडा, जाड कव्हरात घाला, कपाटात वाटीभर तांदूळ आणि मीठ ठेवा, दार गच्च लावा. दसऱ्यापर्यंत उघडू नका. बंद कपाटात ओल शिरत नाही, गंज चढत नाही." यंदा तो मला पाच जणांनी पाठवला. त्यातले दोघे राधानगरीकडचे शेतकरी. घरात एकच जुनी बंदूक, तीही वडिलांच्या हातची. ती खराब होऊ नये म्हणून हे लिहितोय.

मी हे सगळं एका पावसाळ्यात तंतोतंत केलं होतं. आजोबांची बारा बोअरची दुनळी, नळीभोवती फ्लॅनेल गुंडाळलेलं, वर कव्हर. खंडेनवमीला पूजेसाठी काढली, फ्लॅनेल सोडवलं, तर कापडाची वीण नळीवर जशीच्या तशी उमटलेली. उभे-आडवे धागे मोजता येतील इतकी स्पष्ट, तांबूस तपकिरी. घासून रंग गेला, बारीक खड्डे राहिले. आजही नख फिरवलं की लागतात.

"बंद कपाटात ओल शिरत नाही" हे मुळातच चूक आहे. ओल शिरायची गरजच नसते, दार लावताना ती आतच असते. २५ अंशाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं, २० अंशाला साधारण १७. पावसाळ्यातली ८५ टक्के दमट हवा दुपारी कपाटात कोंडली तर तिच्यात घनमीटरला १९ ग्रॅमच्या वर पाणी असतं. रात्री बाहेरच्या भिंतीला टेकलेला पत्रा २० अंशांपर्यंत गार झाला की जास्तीचं पाणी त्याच्यावर दवासारखं बसतं. आणि गंजायला दव पडेपर्यंत थांबावं लागत नाही. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्यानं गंजू लागतं.

त्यात हवेपेक्षा जास्त पाणी असतं ते आतल्या वस्तूंमध्ये. अस्तराचं कापड, फोम, लाकडी दस्ता, कागदपत्रं, सगळं सादळलेलं असतं आणि हळूहळू ओल सोडत राहतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या भिंती पाण्यात होत्या त्यांना सांगायला नको, भिंत वरून कोरडी दिसली तरी आतून किती महिने ओली राहते. कपाट अशा भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, खाली लाकडी ठोकळे द्या. आगरोधक तिजोरी असेल तर आणखी जपा. तिच्या अस्तरात बहुधा जिप्सम असतं. जिप्समच्या वजनाचा पाचवा हिस्सा पाणीच असतं, आगीत त्याची वाफ होते म्हणून सामान वाचतं. पण असं अस्तर हवेतली ओलही धरून ठेवतं, आणि दाराची घट्ट रबरी पट्टी ती बाहेर जाऊ देत नाही.

तांदूळ आणि मीठ. तांदळाच्या दाण्यात मुळातच १२-१४ टक्के पाणी असतं, दमट हवेत तो थोडंसं आणखी घेतो आणि थांबतो. कपाट कोरडं करण्याची ताकद त्याच्यात नाही. सोंडे मात्र नक्की होतात. मिठाचं तर मला खरंच भय वाटतं. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाला पाणी सुटतं, हे प्रत्येक स्वयंपाकघरात दिसतं. ते खारं पाणी वाटीच्या कडेनं ओघळून दस्त्याच्या तळाला लागलं तर गंज थांबवणं राहिलं बाजूला, तो कित्येक पटींनी वाढतो. लोखंडाला मिठाइतका शत्रू नाही. बाजारात ओल शोषणारे प्लॅस्टिकचे डबे मिळतात, त्यातही बहुतेकदा कॅल्शियम क्लोराइड हे क्षारच असतं आणि डब्यात खारं पाणी साठतं. कपड्यांच्या कपाटात ठीक, बंदुकीजवळ नको.

घ्यायची ती सिलिका जेल, पण पुरेशी. चपलेच्या खोक्यातली पाच ग्रॅमची पुडी फार तर दीड ग्रॅम पाणी घेते. मध्यम कपाटाला अर्धा ते एक किलो लागते. नारिंगी दाण्यांची घ्या, ओल भरली की ते हिरवे होतात. मग १२० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असतं, ते विषारी आहे. ते स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका.

तेलाबद्दल मेसेज निम्मा बरोबर आहे, तेल हवंच. नळीवरचा निळसर काळा थर तेलाशिवाय फारसा टिकाव धरत नाही. पण बंदुकीचं खनिज तेल, आणि तेही पुसट. कापडानं पुसल्यावर बोटाला जेमतेम जाणवेल इतकंच. खोबरेल थंडीत गोठतं, पुढं खवट होऊन आम्ल बनतं. जास्त तेल उभ्या बंदुकीत ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड मऊ पडतं.

कव्हरचं सोपं आहे. ते फक्त प्रवासासाठी. कोल्हापुरात चामड्याची माणसं पुष्कळ, त्यांना विचारा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्यात टॅनिन राहतं, ओलीत ते लोखंडाला काळे डाग पाडतं. तलवार म्यानात का गंजते त्याचं हेही एक कारण.

राहिलं "दसऱ्यापर्यंत उघडू नका". पावसाळी दिवशी दार तासभर सताड ठेवलं तर दमट हवा आत भरते, एवढं त्यात खरं. पण चार महिने न बघणं म्हणजे गंजाला चार महिने मोकळं रान. आत काही शे रुपयांचा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. आकडा ४५ ते ५५ टक्क्यांत असावा. त्याखाली फार गेला तर दस्ता तडकतो. दर पंधरा दिवसांनी उघडा, आधी नळी रिकामी असल्याची खात्री करा, हात लागलेली प्रत्येक जागा तेलाच्या कापडानं पुसा. घामातही मीठच असतं.

आणि खंडेनवमीला हळद-कुंकू, पाण्यानं निथळणारी झेंडूची फुलं, कापलेलं लिंबू नळीवर रात्रभर राहू देऊ नका. आमच्याकडं आता आरती झाली की आई स्वतः फुलं उतरवते, मी कुंकू पुसून तेलाचा हात फिरवतो आणि मगच जेवायला बसतो.