आडनाव सांगून झालं, पाण्याचं विचारायचं राहिलं

परवा रात्री साडेनऊला मावसभावाचा फोन आला. "ताई, रूम फायनल करायलो. मालक म्हणायले आत्ताच 5,000 टोकन टाका, नसता दुसरं कुणीतरी घ्यायलंय."

मी विचारलं, "पाणी किती दिवसाआड येतं?"

पलीकडं शांतता.

"बरं, मीटर वेगळं आहे का?"

"ते नाही विचारलं."

"मग त्यांनी तुला काय काय विचारलं?"

ही यादी मात्र लांबलचक निघाली. गाव कोणतं, वडील काय करतात, शेती किती, कोरडवाहू का बागायती, नॉनव्हेज खाता का, मित्र किती येतील, आडनाव काय. पठ्ठ्या साडेचार एकर कोरडवाहू असल्याचं सांगून आला, पण नळाचा वार कोणता ते विचारायला त्याची जीभ रेटली नाही.

त्याला हसायचा मला काही हक्क नाही. 2022 ला नांदेडहून इंजिनिअरिंग करून वाळूजला नोकरीला लागले, तेव्हा मीही हेच केलं होतं. आताच्या छत्रपती संभाजीनगरचं नाव तेव्हा कागदोपत्री औरंगाबादच होतं. गंगाखेडहून मी आणि अण्णा परभणीला आलो, तिथून रेल्वेनं इकडं. दोन दिवस रिक्षानं फिरून सात घरं बघितली. खरं तर बघितली त्यांनी, आम्हाला. आम्ही सोफ्याच्या कडेला बसून उत्तरं द्यायचो, आणि अण्णा प्रत्येक वाक्याच्या शेवटी "साहेब" लावायचे. आमच्या घरी दावणीला बैल आणायचा तर अण्णा त्याचे दात बघतात, चालवून बघतात, चार माणसांना विचारतात. लेकीसाठी महिना 7,500 ची खोली घेताना मात्र त्यांनी नळ उघडूनसुद्धा बघितला नाही. का, तर मालकाला वाईट वाटेल! भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी.

सिडकोतल्या एका काकूंना मुलीच हव्या होत्या. "मुली घर नीट ठेवतात हो." पण गेट साडेनऊला बंद. मी सांगितलं की माझी सेकंड शिफ्ट असते, कंपनीची बस मला बारापर्यंत सोडते. काकूंनी माझ्याकडं नाही, अण्णांकडं बघितलं. "बारा वाजेपर्यंत?" त्यानंतर चहासुद्धा आला नाही. दुसऱ्या एकांनी दारातच सांगितलं, फक्त फॅमिलीलाच देतो. अण्णा म्हणाले, "साहेब, मग आम्ही कोण आहोत?" अख्ख्या दोन दिवसांत अण्णांनी विचारलेला तेवढा एकच प्रश्न.

आणि आडनाव. आडनाव सांगून भागत नाही हे ज्यांनी इथं खोली शोधली त्यांना ठाऊक आहे. आडनावावरून अंदाज आला नाही की, "तुमच्याकडं म्हणजे कोणात येता तुम्ही?" असा पुढचा प्रश्न येतो. गोड आवाजात, बिस्किटाची बशी पुढं सरकवत. एका घरातून तर विद्यापीठाचं गेट पायी दहा मिनिटांवर होतं. ज्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडावा लागला, ज्याच्यापायी मराठवाड्यातल्या गावोगावी घरं जळाली, त्याच्या सावलीत राहून हे बिनदिक्कत विचारतात. तेव्हा मी उत्तर दिलं होतं. नंतर माझ्यासोबत राहायला आलेल्या मैत्रिणीनं कधीच दिलं नाही. ती म्हणायची, "काका, भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला येईल. आणखी काय माहिती पाहिजे?" त्यापायी दोन घरं गेली तिची. त्या घरांत मी राहिले असते तर मलाच लाज वाटली असती.

ही मैत्रीण लातूरची. मी गारखेड्यात राहायला लागून महिना झाल्यावर ती रूम पार्टनर म्हणून आली. बॅग खाली ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "पाणी कितव्या दिवशी?" 2016 ला मिरजहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा ही आठवीत होती. घागर, नंबर, भांडणं, सगळं बघितलेली. घर दाखवलं की आपण आधी खिडकी, टाइल्स, बाल्कनी बघतो. ही जिन्यानं थेट गच्चीवर गेली, टाकीचं झाकण उघडलं आणि खाली येऊन म्हणाली, "500 लिटरची आहे. तीन खोल्यांत. तुला कुणी फसवलं गं?"

कुणी फसवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. नळाला पाणी यायचं सहाव्या-सातव्या दिवशी, पाऊण तास. त्यात खालच्या मजल्यावर मालकांचा हौद मोटार लावून आधी भरायचा, उरलं तर वर यायचं. पन्नासेक किलोमीटरवर पैठणचा नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. त्या धरणाचं उद्घाटन 1976 ला झालेलं, आणि इथं आम्ही बादलीवर स्टीलची ताटली झाकून ठेवतो. डिसेंबर 2020 मध्ये 1,680 कोटींच्या नव्या पाणी योजनेचं भूमिपूजन झालं, पुढं तो आकडा 2,740 कोटींवर गेला. आकडा वाढला तसं आमच्या नळाचं पाणी काही वाढलं नाही. टँकर मागवायचा तर सगळ्या भाडेकरूंत वर्गणी, आणि वर्गणी म्हटलं की कुणाचा तरी पगार व्हायचाच असतो.

मीटरची गंमत वेगळीच. तिन्ही खोल्यांना मिळून एकच मीटर, बिल तीन भागांत. वरवर हिशोब चोख वाटतो. पण घरगुती विजेचा दर टप्प्यानं वाढतो, पहिल्या 100 युनिटांना सगळ्यात कमी. मी एकटी महिन्याला साठ-सत्तर युनिट जाळणार, म्हणजे स्वस्तातच राहिले असते. तिघांचे मिळून शंभराच्या वर गेले की महागाचा दर सगळ्यांच्याच बोकांडी. हे मला कळायला आठ महिने लागले. इलेक्ट्रिकलची डिग्री घेऊन!

सोडताना तर कहरच झाला. 30,000 डिपॉझिट दिलं होतं, हातात आले 17,000. रंगाचे इतके, नळाच्या तोटीचे इतके, "साफसफाईचे" इतके. मी म्हटलं, असं काही ठरलं नव्हतं. ते म्हणाले, ठरलं नव्हतं तसं लिहिलंय का कुठं? लिहिलेलं काय होतं, तर 100 रुपयांच्या बाँडवर नाव, भाडं, 11 महिने आणि सह्या. नोंदणी नाही. "11 महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही" हे वाक्य मी मालकांकडून ऐकलंय, एजंटांकडून ऐकलंय आणि एका वकिलाच्या कारकुनाकडूनही ऐकलंय.

ते महाराष्ट्रात चूक आहे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 स्वच्छ सांगतं की घराचा करार, मग तो भाड्याचा असो का लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे नुसत्या राहायच्या परवानगीचा, लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे. महिने किती याचा तिथं संबंधच नाही. नोंदणी करून घ्यायची जबाबदारी मालकाची. नाही केली तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि सगळ्यात कामाची गोष्ट ही की नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल तेच धरलं जातं, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे "लिहिलंय का कुठं?" हा प्रश्न खरं तर मी त्यांना विचारायचा होता. हे मला 13,000 रुपये गेल्यावर कळलं, त्यामुळं नीट पाठ आहे.

दुसरं घर घेताना मी सरळ म्हटलं, काका, करार रजिस्टर करू, खर्च अर्धा-अर्धा. घाबरतच म्हटलं. वाटलं आता हेही घर गेलं. ते रिटायर्ड माणूस, म्हणाले, "मला तेच पाहिजे होतं, भाड्यानं येणारी पोरंच नको म्हणतात." त्यांच्या आधीच्या भाडेकरूनं तीन महिन्यांचं भाडं बुडवून रातोरात सामान हलवलं होतं. ग्रॅच्युइटीच्या पैशात वरचा मजला बांधलेला, भाड्यावर औषधपाणी चालायचं. म्हणजे भीती त्यांनाही असते, एवढं मान्य करायलाच पाहिजे. घरीच एक जण लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन आला, आधार नंबर टाकले, अंगठे दिले, अर्ध्या तासात काम झालं. 8,000 भाडं, 25,000 डिपॉझिट. त्यावर स्टँप ड्यूटी तीनशेच्या आत-बाहेर, नोंदणी फी 1,000, वर त्या माणसाची मजुरी. रंग कुणी द्यायचा, डिपॉझिट किती दिवसांत परत, पाहुणा किती दिवस राहू शकतो, सगळं त्यात लिहिलं. आडनाव त्यांना करार वाचतानाच कळलं असणार. बोलले काही नाहीत.

तर त्या रात्री मी भावाला म्हटलं, टोकन टाकू नको, आधी प्रश्न विचार. तो म्हणाला, "ताई, असं विचारल्यावर कोण रूम देईल?" मला अण्णाच ऐकू आले. मी म्हटलं, न विचारता घेतलेल्या घरात तू आंघोळीला ऑफिसात जाशील.

दुसऱ्या दिवशी त्यानं फोन करून विचारलंच. मीटर एकच निघालं. करार रजिस्टर म्हटल्यावर मालक म्हणाले, "एवढी कायद्याची भाषा असेल तर तुम्ही दुसरीकडं बघा." भाऊ दिवसभर तोंड पाडून होता. 5,000 वाचले हे त्याला अजून पटलेलं नाही.

उद्या रविवार. सिडकोच्या एन-नऊमध्ये एक वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, आहे, कंपनीची बस टीव्ही सेंटरला थांबते म्हणजे पायी जाता येईल. मालक म्हणतात, पाणी पाचव्या दिवशी, टाकी 1,000 लिटरची. भाऊ म्हणाला, "ताई, तू फक्त सोबत ये, बोलतो मी." बघू. लातूरवालीलाही घेऊन चाललेय. टाकीवर तीच चढणार आहे.