दीड मीटरच्या केबलीला एवढं सगळं कसं जमतं?

ऑडिओच्या शौकिनांत एक मजकूर सध्या हातोहात फिरतोय. त्याचा गोषवारा असा: ॲम्पबरोबर, म्हणजे ॲम्प्लिफायरबरोबर, फुकट येणारी काळी पॉवर केबल तुमच्या सिस्टिमचा गळा आवळते आहे. ती काढा, नामांकित कंपनीची जाडजूड केबल लावा, मग बघा. बास घट्ट होतो, तानपुऱ्याची जवारी सुटी ऐकू येते, दोन सुरांमधली शांतता 'काळीभोर' होते. पुढे पाच-सहा कारणं आणि शेवटी टोला: ज्यांना फरक ऐकू येत नाही त्यांची सिस्टिम तेवढ्या ताकदीची नाही, नाहीतर कान.

या केबलींच्या किमती काही हजारांपासून सुरू होतात आणि लाखांत जातात. पैसे ज्याचे त्याचे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण कारणं विजेच्या शास्त्रातली दिली आहेत, तेव्हा ती त्याच शास्त्राने तपासायला हवीत.

"केबल हा शेवटचा नव्हे, ॲम्पच्या बाजूने पहिला दीड मीटर आहे"

हा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात हुशारी आहे. कोणीही सहज विचारेल की वीज कोयनेहून किंवा चंद्रपूरहून निघते, पोलादी गाभ्याच्या ॲल्युमिनियम तारांवरून येते, सबस्टेशन, गल्लीतली डीपी, मीटर, एमसीबी आणि भिंतीतल्या पाइपातली वायर असा प्रवास करते. एवढं झाल्यावर उरलेल्या दीड मीटरने काय होणार? त्यावर हे तयार उत्तर आहे. ॲम्पकडून बघितलं तर केबल सगळ्यात जवळची, म्हणून तीच महत्त्वाची.

ऐकायला छान वाटतं, पण सर्किटला जवळचं-लांबचं कळत नाही. हे सगळे भाग एकापुढे एक सिरीजमध्ये आहेत. सगळ्यांतून तोच करंट जातो आणि रेझिस्टन्सची सरळ बेरीज होते. मग बेरीजच करू. ॲम्पबरोबर येणारी केबल बहुतेक वेळा 0.75 स्क्वेअर एमएमची असते. तिचा रेझिस्टन्स मीटरला सुमारे 26 मिलीओहम. दीड मीटर जाताना, दीड मीटर येताना, म्हणजे 78 मिलीओहम. अंगठ्याएवढी जाड, 4 स्क्वेअर एमएमची महागडी केबल घेतली तर तोच आकडा 15 वर येतो. वाचले 63 मिलीओहम.

आता भिंतीच्या आत बघा. हॉलमधल्या सॉकेटपर्यंत इलेक्ट्रिशियनने दीड स्क्वेअर एमएमची वायर ओढली असेल आणि डिस्ट्रिब्युशन बोर्ड पंधरा मीटरवर असेल, तर तिथेच 360 मिलीओहम होतात. बोर्डापासून मीटरपर्यंतची वायर आणि मीटरपासून डीपीपर्यंतची सर्व्हिस केबल वेगळीच. हे झालं ॲम्पच्या बाहेर. आत शिरल्यावर आधी फ्यूज लागतो, काचेच्या नळीतली केसाएवढी तार. मग ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे बारीक इनॅमल्ड तारेचे शेकडो वेढे. तिचा रेझिस्टन्स मिलीओहममध्ये नव्हे, काही ओहममध्ये मोजतात. ॲम्पच्या खरोखर 'जवळ' काही असेल तर ती ही प्रायमरी. ती बदलायचा सल्ला मात्र कोणी देत नाही.

घरच्या आवाजात गाणं ऐकताना ॲम्प भिंतीतून साधारण अर्धा अँपिअर ओढतो असं धरा. अर्ध्या अँपिअरला 63 मिलीओहमवर पडतात सुमारे 32 मिलीव्होल्ट, 230 व्होल्टच्या सात हजाराव्या भागाच्या आसपास. शेजारच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू होतो तेव्हा व्होल्टेज याच्या कितीतरी पट हलतं. आणि तुम्ही ऐकता ती रेकॉर्डिंग ज्या स्टुडिओंत झाली तिथली यंत्रंही बहुतेक अशाच साध्या काळ्या केबलींवर चालतात. मायक्रोफोनच्या प्रीॲम्पपासून मास्टरिंगपर्यंत जे हरवलं नाही ते तुमच्या दिवाणखान्यात का हरवावं? आणि तिथेच हरवलं असेल, तर आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

"तबल्याच्या थापेला ॲम्पला क्षणात प्रचंड करंट लागतो, साधी केबल तो देऊच शकत नाही"

यात अर्धं खरं आहे. ॲम्प भिंतीतून करंट सलग ओढत नाही, झटक्यांनी ओढतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, ब्रिज रेक्टिफायर एसीचा डीसी करतो आणि पुढचे मोठे कपॅसिटर तो साठवतात. हे कपॅसिटर फक्त लाटेच्या शिखराजवळ भरले जातात, 50 हर्ट्झच्या पुरवठ्यावर सेकंदाला 100 वेळा. त्या क्षणी करंट सरासरीच्या कितीतरी पट असतो.

पण यातच दाव्याचं उत्तर आहे. थाप पडते तेव्हा स्पीकरला लागणारा करंट येतो तो कपॅसिटरमधून. केबल त्यांना नंतर भरते, तेही आपल्या 100च्या ठेक्यात. तबलजी कुठल्या लयीत आहे याची तिला गंधवार्ता नसते.

तरी वाईटात वाईट धरू. आवाज मोठा आहे आणि भरण्याचा झटका 10 अँपिअरचा आहे. आपल्या 63 मिलीओहमवर 0.63 व्होल्ट पडले. 230 व्होल्टचं शिखर 325 व्होल्ट असतं, म्हणजे घट झाली 0.2 टक्के. आतल्या रेलचं, म्हणजे कपॅसिटरमधून सर्किटला मिळणाऱ्या डीसी पुरवठ्याचं, व्होल्टेज तेवढं कमी झालं तरी परिणाम इतकाच की ॲम्प आपल्या कमाल मर्यादेला 0.017 डेसिबल आधी पोचेल. आवाज लहान-मोठा झाल्याचा फरक कळायला कानाला आदर्श परिस्थितीतही डेसिबलचा काही दशांश भाग लागतो. आणि मर्यादेच्या खाली वाजवत असाल, जसे बहुतेक जण वाजवतात, तर तेवढाही परिणाम नाही. रेल थोडी हलली म्हणून आउटपुट हलू नये यासाठीच ॲम्पचं सर्किट बांधलेलं असतं. नाहीतर एरवी संध्याकाळी सगळ्या सोसायटीचे एसी सुरू झाल्यावर तुमचा गायक बेसूर व्हायला हवा होता.

"ही केबल विजेतला गोंगाट गाळते"

विजेत गोंगाट असतो, यात वाद नाही. स्वस्त एलईडी दिवे, डिमर, मोबाईलचे चार्जर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सगळे लाईनमध्ये काही ना काही टाकत असतात. प्रश्न असा की तो गाळायचा कुणी. केबलीवरचं शील्ड बाहेरचा गोंगाट तारेत शिरू देत नाही आणि तारेतला बाहेर फेकू देत नाही. पण जो गोंगाट भिंतीतून तांब्यातूनच चालत आला, तो शील्डच्या आतून आरामात पुढे जातो. गाळायला कॉइल आणि कपॅसिटर लागतात, म्हणजे फिल्टर. तो पुष्कळ उपकरणांत मागच्या सॉकेटजवळच बसवलेला असतो. काही महाग केबलींत फेराइटची कडी असते, तिचा उच्च फ्रिक्वेन्सीला थोडा उपयोग होतो. तशी क्लिपची कडी बाजारात काही रुपयांना मिळते.

घराघरांत खरोखर ऐकू येणारा त्रास वेगळाच असतो, तो म्हणजे हम्म. त्याचं नेहमीचं कारण ग्राउंड लूप. ॲम्प एका बोर्डावर, कॉम्प्युटर दुसऱ्या, त्यात सेट-टॉप बॉक्सची केबल गच्चीवरून आलेली. अर्थच्या (अर्थिंगच्या) दोन वाटा होतात आणि सिग्नल केबलच्या शील्डमधून करंट फिरायला लागतो. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर घ्या, एकेक सिग्नल केबल काढून गुन्हेगार शोधा, टीव्हीची केबल काढून बघा. बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागतं, नाही भागलं तर सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालतात. काही जण अर्थची पिन काढून टाकतात. तेवढं चुकूनही करू नये. दुसरं कारण जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर. लाईट गेल्यावरच ॲम्प गुरगुरत असेल तर संशय तिथे घ्या. यातलं काहीही जाड पॉवर केबलीने जात नाही.

चांदी, दिशा आणि 'बर्न-इन'

हे भराभर उरकतो. चांदी तांब्यापेक्षा सहा टक्क्यांच्या आसपास चांगली वाहक आहे. म्हणजे तांब्याच्या तारेचा छेद सहा टक्के मोठा घेतला की हिशेब मिटला. ऑक्सिजन-फ्री आणि नेहमीच्या विद्युत तांब्यात फरक एखाद्या टक्क्याचा. स्किन इफेक्टचा, म्हणजे करंट तारेच्या पृष्ठभागाजवळूनच वाहतो याचा, बागुलबुवाही दाखवतात, पण 50 हर्ट्झला तांब्यात करंट नऊ मिलिमीटरच्या आसपास खोल जातो आणि यातली कुठलीही तार तेवढी जाड नाही. केबलीवर दिशेचा बाण छापलेला असतो, आणि तिच्यातला करंट सेकंदाला 100 वेळा दिशा बदलतो. राहता राहिलं दोनशे तासांचं बर्न-इन, म्हणजे तेवढे तास वाजवल्यावरच केबल खुलते हा दावा. तेवढ्या तासांत माल परत करायची मुदत उलटून जाते, हा योगायोग मोठा सोयीचा आहे.

"मोजमापं काहीही म्हणोत, मला ऐकू येतं"

हे म्हणणारे खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच फरक जाणवतो. वाद आहे तो फरक कुठून आला याचा.

आपण नुसत्या कानाने ऐकत नाही. 1994 मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी हारमन या ऑडिओ कंपनीत 40 श्रोत्यांना चार स्पीकर ऐकवले, एकदा डोळ्यांसमोर ठेवून आणि एकदा पडद्याआड. स्पीकर दिसत असताना दिलेले गुण पडद्याआडच्या गुणांशी जुळले नाहीत. दिसायला भारी ते वर गेले, आणि स्पीकरची जागा बदलल्याने आवाजात खरोखर पडलेला फरक लोकांना कमी जाणवला. ही गोष्ट स्पीकरांची, ज्यांच्या आवाजात मुळातच जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

पॉवर केबलींचीही अशी चाचणी झाली आहे. डिसेंबर 2004 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या ऑडिओप्रेमींच्या मंडळाने नॉरडॉस्ट वल्हाला ही 2,500 डॉलरची केबल साध्या केबलीसमोर ठेवली. श्रोते सगळे शौकीन, सिस्टिम महागडी. एकूण 149 उत्तरांपैकी बरोबर आली 73, म्हणजे 49 टक्के. नाणं उडवूनही एवढं येतं.

यावर आक्षेप येतो की परीक्षेच्या दडपणाखाली बारकावे कळत नाहीत. असेल. पण मग त्या मजकुरातला आणखी एक दावा बघा: म्हणे केबल बदलताच स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "आज काय नवीन लावलंत?" जो फरक भिंतीपलीकडून, कुकरच्या शिट्टीतून कळतो, तो समोर सोफ्यावर बसून फक्त नाव झाकल्यावर का नाहीसा व्हावा?

शिवाय पॉवर केबल बदलायची तर ॲम्प बंद करावा लागतो. केबल काढा, दुसरी लावा, चालू करा, यात दोन मिनिटं सहज जातात. आवाजाच्या सूक्ष्म छटांची आठवण काही सेकंदच पक्की टिकते. म्हणजे उघड्या डोळ्यांनी केलेली तुलनाही ताज्या आवाजाशी नसते, आठवणीशी असते. आणि तोच तुकडा दुसऱ्यांदा ऐकताना लक्ष मुद्दाम तानपुऱ्याकडे गेलं की तानपुरा ऐकू येणारच.

एक गोष्ट मात्र खरी असू शकते. जुना प्लग वर्षानुवर्षं न हलवल्याने संपर्क गंजलेले असतात, काढून घट्ट बसवल्यावर करकर थांबते. म्हणून नव्या केबलीला श्रेय देण्याआधी जुनीच काढून पुन्हा घट्ट बसवून ऐका. नंतर घरातल्या कुणाला तरी कपाटामागे उभं करा. त्याने दर वेळी नाणं उडवून केबल ठरवावी आणि कागदावर लिहावी, तुम्ही तुमचं उत्तर वेगळं लिहा. निव्वळ अंदाजाने दहापैकी नऊ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता शंभरात एक. तेवढे आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, तर मी नक्की ऐकायला येईन.

"बरं, फायदा नसेल, पण तोटा तरी काय?"

तोटा होऊ शकतो, आणि तो पैशांपुरताच नाही. बाहेरून मागवलेल्या केबलीला बरेचदा अमेरिकन चपट्या पिनांचा प्लग असतो. तो बनवलेला असतो 125 व्होल्टसाठी, आपल्याकडे लागतो 230 वर. नाहीतर युरोपातला गोल दोन पिनांचा शूको प्लग, ज्याचा अर्थिंगचा जोड पिनेत नसून कडेच्या पत्र्यांत असतो. तो आपल्या युनिव्हर्सल ॲडॉप्टरच्या भोकांत मजेत बसतो. ॲम्प चालतो, दिवा लागतो, फक्त अर्थ कुठेच जोडलेला नसतो. धातूच्या पेटीतला ॲम्प, आत लाईव्ह वायर सुटली तर सगळी पेटी लाईव्ह. त्यात ही केबल इतकी जाड आणि ताठ की तिच्या वजनाने ॲडॉप्टर सॉकेटमधून अर्धा बाहेर झुकतो आणि आत ठिणग्या पडतात.

ज्यांनी अशी केबल घेतलीच आहे त्यांनी ॲडॉप्टर काढून टाकावा आणि इलेक्ट्रिशियनकडून आयएसआय मार्कचा, केबल आत नीट बसेल असा थ्री-पिन टॉप लावून घ्यावा. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळेल. इलेक्ट्रिशियन आलाच आहे तर त्याला मल्टिमीटरने सॉकेटमधलं न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज बघायला सांगा. एक-दोन व्होल्ट असेल तर ठीक. जास्त निघालं तर घराचं अर्थिंग आणि न्यूट्रलचे जोड तपासून घ्या.