किट लेन्सवर ‘600 एमएम’ चढत नाही

आमच्या ग्रुपवर एक मेसेज आठवडाभर फिरतोय : ‘दोन हजारांची टेलि लेन्स किट लेन्सच्या पुढे फिरवून बसवा, 600 एमएम तयार. उजेड घटत नाही, दर्जा घटत नाही. मोठ्या लेन्स म्हणजे निव्वळ लूट.’ (किट लेन्स म्हणजे कॅमेऱ्यासोबत येणारी साधी लेन्स. एमएमचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं.) हे वाचून माझ्या भाच्याने ती मागवली. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉल मॅचचे फोटो काढायचे होते त्याला. पोरांचे साठवलेले पैसे असे जातात, म्हणून एकेक दावा तपासतो.

आधी 600. भाच्याच्या लेन्सवर ‘2.2 पट’ लिहिलंय. किट लेन्स 18 ते 55 एमएमची. 55 गुणिले 2.2 म्हणजे 121. झालं. साधी 55-250 एमएमची लेन्ससुद्धा याच्या दुप्पट पुढे जाते.

उजेडाचं म्हणणं मात्र खरं आहे, आणि ते नाकारणारेही चुकतात. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणारा 2 पटीचा कन्व्हर्टर दोन स्टॉप, म्हणजे चारातले तीन हिस्से, उजेड खातो. पुढे बसणाऱ्या लेन्सची काच रुंद असते, ती तेवढा जास्त उजेड गोळा करते, म्हणून किती उजेड आत येतो ते सांगणारा एफ आकडा तोच राहतो. पॅनासॉनिकच्या एफझेड-50 कॅमेऱ्याला कंपनीचीच 1.7 पटीची लेन्स मिळायची : फिल्म कॅमेऱ्याच्या हिशोबात 420 चे 714 व्हायचे, एफ आकडा 3.7 च. पण ती जोडी एकमेकांसाठी बनवलेली होती. तिथलं खरं उचलून किट लेन्सला चिकटवलंय.

‘दर्जा घटत नाही’ हे तर साफ खोटं. परवा सकाळी आम्ही दोघं रंकाळा तलावावर गेलो. तिथल्या दगडी संध्यामठाचे खांब आधी ती लेन्स लावून टिपले, मग काढून. लावलेल्या फोटोत आभाळाला भिडलेल्या प्रत्येक दगडी कडेला जांभळी रेघ, आणि मधला भाग सोडला तर सगळं पुसट. झूम 18 वर नेल्यावर चारही कोपरे काळे. मग नुसत्या 55 वरचा फोटो तेवढाच क्रॉप केला, म्हणजे मधला भाग कापून घेतला. 24 मेगापिक्सेलचे 5 उरले, पण दगडाच्या सांधी स्वच्छ दिसत होत्या. भाचा म्हणाला, “मामा, मग ही कशाला घेतली मी?” मला उत्तर देववेना.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट सर्वात महाग पडते. बऱ्याच जुन्या किट लेन्समध्ये फोकस होताना पुढचा भाग फिरतो, आणि तो फिरवणारी मोटर अगदी बारीक असते. त्यावर एवढी काच टांगली की मोटर कण्हायला लागते. भाच्याच्या लेन्सचा आवाज मी ऐकलाय. लावायचीच असेल तर फोकस मॅन्युअल ठेवा आणि डावा हात काचेखाली असू द्या. शिवाय हातही तितक्याच पटीने जास्त हललेला दिसतो आणि जवळचं फोकस होत नाही.

मोठी लेन्स परवडत नाही, हे मला कळतं. वापरलेली 55-250 बघा. आणि तरीही अशी लेन्स घ्यायचीच असेल, तर महाद्वार रोडला उभं राहून ती नुसती डोळ्याला लावा. ती मुळात छोटी दुर्बीणच असते. आभाळासमोरची एखादी वायर बघा. वायरीला जांभळी किनार दिसली, तर तिथूनच परत द्या.