इमारत सुरक्षित दिसावी म्हणून

नवी देखभाल समिती झाली, हार घालून झाले, कुंदाही वाटून झाला. आता ज्येष्ठांच्या या सरकारी इमारतीचं करायचं काय, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. घाबरू नका. काही न करता पुष्कळ केल्यासारखं दाखवता येतं.

जिन्याला कठडा एकाच बाजूने लावा आणि तोही रुंद चौकोनी पाइपाचा. चार-साडेचार सेंटिमीटर जाडीचा गोल पाइप संधिवाताच्या मुठीतही बसतो, म्हणून तो टाळा. पाइप शेवटच्या पायरीवरच कापा. तो 30 सेंटिमीटर पुढे नेला तर पायऱ्या संपल्याचं हाताला कळेल, आज्जी पडणार नाहीत आणि मग अहवालात 'तात्काळ मदत' या रकान्यात लिहायचं काय? जिन्याखाली कुणाची तरी ई-स्कूटर चार्जिंगला असतेच. ती राहू द्या. बॅटरी पेटली की जिन्याचं धुराडं होतं आणि उतरायला दुसरी वाट नाही, एवढी बारीक गोष्ट कशाला काढायची?

न्हाणीत आधाराचा दांडा मात्र लावाच, उद्घाटनाच्या फोटोत छान दिसतो. स्क्रू आखूड घ्या, टाइलमध्येच संपतील असे. गिलाव्यातून पार विटेत जाणारा लांब स्क्रू घेतला तर दांडा माणसाचं वजन पेलतो. आखूड स्क्रू फोटोपुरता धरतो. आज्जींनी पूर्ण भार टाकला की टाइलसकट हातात येतो. न्हाणीचं दार आत उघडणारंच ठेवा. आत पडलेला माणूस दाराला टेकला की बाहेरून कितीही ढकला, दार हलत नाही. बाहेर उघडणारं दार आणि बाहेरून नाण्याने फिरवता येणारी कडी बसवायची म्हणजे सुताराचं एका दिवसाचं काम. बजेट कुठे आहे?

वायरमनकडे तर खास लक्ष द्या. जुलैत बेळगाव-खानापूरचा पाऊस लागला की भिंती पाझरतात आणि 30 मिलिअँपिअरचा, विजेची गळती पकडणारा स्विच सारखा पडतो. ओली वायर शोधायला भिंत उघडावी लागेल. त्यापेक्षा स्विचच बायपास करून घ्या, तक्रार त्याच दिवशी संपते. आणि त्यावरचं 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं, हे कुणाला सांगू नका. दाबूनही स्विच पडला नाही तर तो मेलाय हे उघडकीला येईल.

सूचना एकाच भाषेत लावा. कन्नड फलक वडगावच्या आज्जींना वाचता येत नाही, हीच त्याची सोय. कुणी मराठीचा हट्ट धरलाच तर 'अग्निशमन साधनांचा विनियोग' असं काहीतरी लिहा, म्हणजे मराठीतही कुणाला कळणार नाही. 'गॅसचा वास आला? रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बटणाला हात लावू नका, बाहेर येऊन 1906 ला फोन करा' असं दोन्ही भाषांत, ठळक अक्षरांत लिहिलं तर लोक वाचतील ना! ॲम्ब्युलन्सचा 108, पोलिसांचा 112, ज्येष्ठांचा 14567 हे आकडेही त्याखाली मावतील, तेव्हा आधीच सावध व्हा.

सगळ्यात धोकादायक म्हणजे शेजार. काही मजल्यांवर जोड्या ठरलेल्या असतात: सकाळी आठपर्यंत समोरच्या कडीवरची दुधाची पिशवी कुणी आत घेतली नाही, तर दार वाजवायचं, उत्तर नाही आलं, तर जवळची जादा किल्ली काढायची. याला ना निधी लागतो ना ठराव, म्हणून तो समितीचा थेट अपमान आहे. विशेषतः पक्षाघात झाला असेल तर गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ साधारण साडेचार तासांचीच असते. अशा वेळी समितीला विचारायचं सोडून शेजारीण सरळ 108 लावते, म्हणजे काय!

म्हणून पहिल्याच बैठकीत ठराव करा: सगळ्या जादा किल्ल्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात जमा. कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे. सेक्रेटरी सध्या मुलाकडे पुण्याला गेलेत, गणपतीनंतर येतील.