फक्त ३७ मिनिटं थांबा

शनिवारी रात्री रिमोट माझ्या हातात आला की आमच्या घरात सगळ्यांचे चेहरे पडतात, कारण आता हा कुठलातरी भूत कमी आणि लाल रंग जास्त असा पिक्चर लावणार हे त्यांना पाठ झालंय.

मला तेच आवडतात, काय करू? कोट्यवधी खर्चून कॉम्प्युटरवर केलेलं भूत बघून मला फक्त इलेक्ट्रिकचं बिल आठवतं. पण खिशात दमडी नसताना कोणीतरी भूत उभं करतो ना, त्यात ते भूत पण दिसतं आणि ते उभं करणाऱ्याची लटपट पण दिसते. १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये रक्त म्हणून चक्क चॉकलेट सिरप वापरलंय, पिक्चर ब्लॅक अँड व्हाइट, कोणाला कळतंय! 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाल्या पीटर जॅक्सनने त्याचा पहिला पिक्चर 'बॅड टेस्ट' मित्रांना घेऊन सुट्टीच्या दिवशी शूट करत करत चार वर्षं काढला, परग्रहवासीयांचे मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजले. हे मी एकदा कौतुकाने आईला सांगितलं तर म्हणाली, "आणि मग तो ओव्हन घासला कोणी ते नाही सांगितलं का त्यांनी?"

सासरे नाशिक जिल्ह्यातले, म्हणून त्यांना मालेगावचं सांगितलं. यंत्रमागाच्या गावात नासिर शेख नावाच्या व्हिडिओ पार्लरवाल्याने गावातल्याच लोकांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला, क्रेन परवडत नाही तर बैलगाडीवर कॅमेरा चढवायचा, असं सगळं. सासऱ्यांची छाती फुगली. पिक्चर मात्र बघायला तयार नाहीत.

तर परवा मी हिय्या करून 'वन कट ऑफ द डेड' लावला. जपानी, ३० लाख येनमध्ये केलेला, नट सगळे अनोळखी. याची गोची अशी की पहिली ३७ मिनिटं एकाच सलग शॉटमध्ये आहेत आणि ती बघताना वाटतं, अरे काय फालतूपणा लावलाय, माणसं मध्येच गप्प काय होतात, कॅमेरा हलतोय काय, कोण कुठे बघतंय! आणि तसं का आहे हे सांगितलं तर सगळी मजाच गेली. म्हणजे मी नुसतं "थांबा ना, पुढे बघा" एवढंच म्हणू शकतो, आणि हे वाक्य मी याआधी खरोखरच्या फालतू पिक्चरांनाही इतकं वापरलंय की माझी पत संपलेली आहे.

दहाव्या मिनिटाला मुलगा मोबाईल घेऊन आत. मग बायको, "ही बाई एवढा वेळ नुसती किंचाळतीये, मी दही विरजून येते", आणि दही विरजायला जेवढा वेळ लागतो त्याच्या पाचपट वेळ झाला तरी आली नाही. सासरे जावयाचं मन मोडू नये म्हणून बसले होते, पण "अहो, हे सगळं असंच आहे का?" असं अगदी अदबीने विचारून खुर्चीतच घोरायला लागले.

उरली आई. तिलाही उठायचंच होतं, पण मांडीवर मटारची परात होती आणि आजूबाजूला सालांचा ढीग. मी तिला मनापासून सांगतो, या जातीचे पिक्चर दाखवायचे असतील तर आधी मटार आणा.

३७ मिनिटं संपली. पुढचं मी इथेही सांगणार नाही. एवढंच की हळूहळू मटार सोलणं थांबलं, मग आई एकदम "अगं बाई, म्हणून तो तेव्हा तसा..." असं ओरडली आणि इतकी हसली की परात कलंडली, सासरे दचकून जागे झाले आणि बायको बाहेर धावत आली.

"काय झालं आई? सांगा ना!"

"असं सांगून नाही कळायचं," आई डोळे पुसत म्हणाली, "परत पहिल्यापासून लाव रे. फक्त ३७ मिनिटं दम धरा सगळ्यांनी."

"का पण?"

आई माझ्याकडे बघायला लागली. मी मटार गोळा करत होतो.